पाणी, पंगत आणि पक्की पावती : परभणीजवळच्या एका मंगल कार्यालयाविषयी

मंगल कार्यालयांच्या जाहिरातींत कमान, कारंजे, सेल्फीची जागा आणि ड्रोनने टिपलेली हिरवळ हटकून असते. मराठवाड्यात ऐन एप्रिलमध्ये लेकीचे लग्न काढलेल्या बापाला मात्र सर्वांत आधी पाण्याची चिंता असते आणि तिच्या खालोखाल शेवटी हातात पडणाऱ्या बिलाची. परभणी शहराबाहेर, मोठ्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या ज्या कार्यालयात माझ्या पुतणीचे लग्न झाले, तेथे या दोन्ही गोष्टींचा खुलासा तारीख धरण्यापूर्वीच आणि लेखी स्वरूपात करण्यात आला. हे कार्यालय भपकेबाज नाही आणि त्यात उणिवाही आहेत. तरीही आमच्या भागात हा व्यवसाय कसा करावा, याचा उत्तम नमुना म्हणून मी त्याकडे पाहतो. मालकांच्या इच्छेनुसार येथे नाव दिलेले नाही.

प्रथम हिशेबाविषयी. करारनामा दोन पानांचा आणि साध्या मराठीत आहे. आम्हाला एका दिवसाचे भाडे ८०,००० रुपये पडले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १४,४०० रुपये, आणि परत मिळणारी अनामत २०,००० रुपये. सभागृह, खुर्च्या, जानोशाच्या सहा खोल्या, गाद्या, स्वयंपाकाची भांडी, सफाई आणि दोन टँकरपर्यंतचे पाणी भाड्यातच धरलेले आहे. वीज आणि जनरेटर तेवढे वापराप्रमाणे. ताबा देताना व्यवस्थापकांनी माझ्या थोरल्या भावाला मीटरच्या पेटीपाशी नेले, विजेच्या मीटरचा आणि जनरेटरच्या तासांचा आकडा वहीत लिहिला आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. मग भांड्यांची यादी घेऊन पराती, पातेली, झारे, कढया आणि वाढायच्या बादल्या एकेक मोजून आचाऱ्याच्या ताब्यात दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वही, तीच यादी. दोन झारे कमी भरले, त्यांची यादीत आधीच लिहिलेली किंमत अनामतीतून वजा झाली आणि उरलेली रक्कम पक्क्या पावतीसह तेथल्या तेथे परत मिळाली.

या काटेकोरपणाचे मोल कळण्यासाठी उलट अनुभव सांगायला हवा. आमच्याच नात्यातील एका लग्नात, दुसऱ्या एका कार्यालयात, मुलीची पाठवणी व्हायची असताना वधूपित्याच्या हाती एक कागद ठेवण्यात आला. जादा खुर्च्या, जादा सफाई, जनरेटरचे डिझेल आणि कोणाला न समजणारे ‘इतर’ अशी त्यावर नोंद होती. शेजारी व्याही उभे, सगळे सोयरे पाहत असलेले. अशा वेळी कोणता बाप घासाघीस करील? त्याची ही अडचण ओळखून बिल नेमके त्याच घटकेला पुढे करणे ही या धंद्यातील सर्वांत वाईट सवय आहे. त्यामुळे एका लग्नाचे चार पैसे जास्त सुटतीलही. परंतु त्या लग्नाला आलेल्या हजार माणसांपैकी ज्यांच्या घरी पुढे कार्य निघणार आहे, त्यांच्यापर्यंत ती गोष्ट बस्ता बांधायच्या आधीच पोहोचलेली असते.

पैसे भरण्याची सवलतही शेतकऱ्यांची सोय पाहून ठेवलेली आहे. तारीख धरताना एक चतुर्थांश रक्कम द्यायची आणि बाकीची लग्नाच्या आठ दिवस आधीपर्यंत टप्प्याटप्प्याने. सोयाबीन आणि कापूस विकून हाती पैसा येईपर्यंत दिवाळी उलटून जाते, हे ठाऊक असलेल्या माणसानेच अशी अट लिहिली असणार.

आता पाण्याविषयी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणावे लागले होते. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, ही गोष्ट मराठवाड्यातील कोणीही विसरलेले नाही. अशा प्रदेशात लग्नासाठी हिरवळ राखणे आणि तिच्यावर उन्हाळाभर पाण्याचे फवारे सोडणे मला पटत नाही. या कार्यालयात हिरवळ नाही. मोकळ्या आवारात फरशी आहे, कडेने कडुनिंबाची चांगली वाढलेली झाडे आहेत आणि उन्हाच्या वेळी पाहुणे त्यांच्याच सावलीत बसतात. मालकांचा हिशेब असा की स्वयंपाक, पिणे, हात धुणे, भांडी आणि स्वच्छतागृहे मिळून माणशी २० लिटर पाणी लागते. म्हणजे १,००० माणसांच्या लग्नाला २०,००० लिटर, अर्थात १०,००० लिटरचे दोन टँकर. तेवढा साठा जमिनीखालच्या टाक्यांत आदल्या दिवशीच असतो आणि वधूपक्षाच्या माणसाला झाकण उघडून तो दाखवला जातो. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी आहे. पत्र्यावरचे पावसाचे पाणी गाळून आवारातील विहिरीत सोडलेले आहे, तर हात धुण्याचे पाणी नाली काढून झाडांच्या आळ्यांकडे वळवलेले आहे. एवढी तरतूद असूनही स्त्रियांच्या स्वच्छतागृहांच्या बाहेर एक बाई दिवसभर बसवलेली असते आणि नळाला पाणी आहे की नाही हे पाहणे एवढेच तिचे काम असते. भर दुपारी, गर्दी अनावर असताना तेथे पाणी होते. आमच्या घरातील स्त्रियांनी त्या दिवसाविषयी सर्वांत आधी हीच गोष्ट सांगितली.

मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा होता. आमच्याकडे अक्षता पडल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, आणि अक्षता पडताच सारी माणसे एकाच वेळी उठतात. परगावाहून आलेल्यांना बस गाठायची असते, शेतावर जायचे असते. येथेच बहुतेक कार्यालयांची त्रेधा उडते. या कार्यालयाने बफेची चार ठिकाणे एकमेकांपासून दूर ठेवलेली आहेत. प्रत्येक ठिकाणी पोळ्या, भाजी, वरण, भात, बुंदी आणि मठ्ठा असा पूर्ण साठा स्वतंत्र असतो, त्यामुळे एका ठिकाणची बुंदी संपली तरी दुसरीकडची रांग खोळंबत नाही. पाण्याचे जार ताटांच्या टेबलापासून लांब, विरुद्ध बाजूला ठेवतात. पाण्यासाठी परतणारा माणूस जेवणाच्या रांगेला आडवा येत नाही, एवढ्या साध्या बदलाने गर्दी निम्मी वाटते. वडीलधाऱ्यांसाठी आणि कडेवर लेकरू असलेल्या स्त्रियांसाठी बाजूच्या पडवीत टेबल-खुर्च्यांची पंगत बसते, तेथे वाढपी फिरून आग्रहाने वाढतात. माझ्या आत्याबाईंना हातात ताट धरून उभे राहणे जमत नाही. त्या पंगतीत बसल्या आणि वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून जेवल्या. आचारी आपल्या पसंतीचा आणता येतो, मात्र त्याच्याकडे अन्न परवाना आहे की नाही हे आधी पाहिले जाते. गॅसच्या टाक्या भटारखान्याच्या भिंतीबाहेर जाळीत ठेवलेल्या आहेत. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याची प्रत कचेरीत दर्शनी लावलेली होती.

या व्यवसायाचा खरा कस तिथींच्या गणितात लागतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालये ओस पडतात. शिवाय २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र यांच्या अस्तामुळे ऐन हंगामात मुहूर्त नव्हते, आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आला. चौकीदाराचा पगार, कर्जाचा हप्ता आणि विजेचे किमान बिल यांना मात्र चातुर्मास नसतो. पुष्कळ मालक ही तूट हंगामातील दर फुगवून भरून काढतात. येथील मालकांनी तिथींवर न विसंबणारी कार्ये जोडली आहेत. मराठवाड्यात बौद्ध समाज मोठा आहे आणि त्यांची लग्ने मुहूर्ताऐवजी सोयीची सुट्टी पाहून ठरतात. मुस्लिम कुटुंबांचे पंचांग वेगळे आहे. या दोन्ही समाजांची लग्ने येथे नियमित होतात, त्यासाठी मांसाहारी स्वयंपाकाची चूल आणि भांडी मागच्या बाजूला पूर्णपणे वेगळी ठेवलेली आहेत, आणि भाडे सर्वांना एकच आहे. उरलेल्या दिवसांत बियाणे कंपन्यांचे शेतकरी मेळावे, निरोप समारंभ आणि डोहाळजेवणे होतात. कोणत्याही समाजाच्या माणसाला सारख्याच सन्मानाने दार उघडणे हे मुळात योग्य आहे. या कार्यालयात त्यानेच वर्षाचे गणितही जुळते, हे पाहून मला मनापासून समाधान वाटले.

आणखी एका गोष्टीसाठी मी या मालकांचा ऋणी आहे. तारीख धरताना वधू-वरांच्या वयाचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, मागितला जातो आणि तो दिल्याशिवाय पावती फाडली जात नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असावे लागते. असा विवाह लावणाऱ्याला आणि त्याला चालना देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऊसतोडीला जाण्यापूर्वी कोवळ्या मुलींची लग्ने उरकण्याचा प्रकार आमच्या भागात अजून थांबलेला नाही. कचेरीच्या भिंतीवर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक ठळक अक्षरांत रंगवलेला आहे. प्रत्येक कार्यालयाने एवढे केले, तर पुष्कळ मुली शाळेत राहतील.

उणिवा आता सांगतो. वधूची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि तेथे जाण्यास जिन्यावाचून मार्ग नाही. शालू नेसलेली मुलगी आणि गुडघे दुखणारी आजी या दोघींनाही तो जिना त्रासाचा आहे. छत पत्र्याचे असल्यामुळे आवाज घुमतो आणि मंगलाष्टकांचा एकही शब्द मागच्या रांगांना नीट कळत नाही. वाहनतळ प्रशस्त असला तरी आत येण्या-जाण्यास एकच फाटक आहे. जेवणे उरकल्यावर निघणाऱ्या जीपा आणि त्याच वेळी येणारा टँकर समोरासमोर आले आणि बराच वेळ कोणालाच हलता आले नाही. सजावट ठरलेल्या मंडपवाल्याकडूनच घ्यावी लागते, ही अट मला सर्वस्वी अयोग्य वाटते. आचारी निवडण्याची मोकळीक देणाऱ्याने ती फुलवाल्याच्या बाबतीत का नाकारावी? रात्री दहानंतर आवारात ध्वनिक्षेपक बंद होतो, परंतु फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या डीजेच्या गाडीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि पलीकडच्या वस्तीला त्याचा उपद्रव होतो.

सर्वांत मोठी त्रुटी मात्र करारनाम्यातच आहे. घरात सुतक आले आणि लग्न पुढे ढकलावे लागले, तर भरलेल्या रकमेचे काय होणार, याविषयी त्या दोन पानांत एक ओळही नाही. मालकांना विचारले असता, ‘असे झाल्यास आम्ही तारीख बदलून देतो, पैसे बुडवत नाही,’ असे त्यांनी तोंडी सांगितले, आणि त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. परंतु झाऱ्याची किंमतसुद्धा लिहून ठेवणाऱ्यांनी दुःखाच्या प्रसंगीचा नियम तोंडी ठेवू नये. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांची नोंदणी सुरू होण्यापूर्वी त्यांनी हे कलम करारात घालावे, अशी विनंती मी त्यांना लेखी केली आहे. तोपर्यंत येथे तारीख धरणाऱ्यांनी सही करण्याआधी ती ओळ पावतीच्या मागे त्यांच्याकडून लिहून घ्यावी.