नागिणीवर असायक्लोव्हिर 800: गोळी चांगली, वेळापत्रक जाचक

पहिला फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केली, तर ही गोळी पैसा वसूल. नवे फोड लवकर थांबतात, खपल्या लवकर धरतात. फोड गेल्यावर महिनोन्‌महिने ठणकणारी नस मात्र तिने हमखास टळत नाही.

मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाला 800 मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, सात दिवस. एकूण 35 गोळ्या. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. घोळ इथेच होतो. सकाळ-संध्याकाळची सवय असलेला माणूस दुपारची गोळी विसरतो, आणि मुळात 15 ते 20 टक्केच औषध रक्तात उतरतं. 'डीटी' छापलेली गोळी पाण्यात विरघळते, गिळताना अडखळणाऱ्या आजोबांना तीच बरी.

व्हॅलासायक्लोव्हिरचं शरीरात असायक्लोव्हिरच होतं, पण रक्तात निम्म्याहून जास्त पोचतं. 1 ग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. खिशाला जड, तरी डॉक्टरांना विचारून हीच घ्यावी.

5 टक्क्यांचं मलम नागिणीवर वाया. नागिणीचे विषाणू नसेच्या आत, मलम कातडीवर. गेरूचा लेप त्याहून वाईट, फोड चिघळतात. (नागिणीनं कमरेला वेढा पुरा केला की माणूस दगावतो, ही भीतीही सोडा. एका बाजूची नस मधल्या रेषेशी संपते, म्हणून पट्टा सहसा तिथेच थांबतो.)

पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात औषधाचे खडे धरू शकतात. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारी तपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. तो न केल्यास रुग्ण बरळू लागतो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. सोबत दुखण्यावरच्या गोळ्या मनाने चालू नकोत.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळ्याला धोका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अंगभर फोड पसरलेल्या रुग्णाचं गोळीवर भागत नाही. त्याला दवाखान्यात शिरेतून, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. 60 किलोच्या माणसाला 600 मिलिग्रॅम, 100 मिली सलाईनमध्ये, निदान तासभर सावकाश. घाईने सोडलं तर मूत्रपिंडावर येतं. द्रावण अल्कधर्मी असल्याने सुई शिरेबाहेर सरकली तर हात सुजून लाल होतो, तेव्हा टोचलेल्या जागेवर नातेवाइकांनीही नजर ठेवावी.

गोळीला पाचपैकी चार, मलमाला शून्य.