ट्रेलरसकट बोटीवर: प्रिन्स रुपर्ट ते पोर्ट हार्डी

क्रूझ म्हटलं की ज्यांना स्विमिंग पूल, रात्रीचे कार्यक्रम आणि रोज नवा बुफे हवा असतो, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बोटी चालवणाऱ्या बीसी फेरीज या कंपनीची 'नॉर्दर्न एक्स्पिडिशन' ही गाड्या, ट्रक आणि माणसं वाहणारी बोट आहे. 2009पासून ती या मार्गावर आहे, लांबी सुमारे 150 मीटर. पण ज्या इनसाइड पॅसेजसाठी, म्हणजे किनारा आणि बेटांमधून जाणाऱ्या जलमार्गासाठी, लोक अलास्काच्या क्रूझवर आठवडाभराचे पैसे मोजतात, त्याचा ब्रिटिश कोलंबियातला मोठा तुकडा ही बोट उन्हाळ्यात एका दिवसात दाखवते, आणि तोही बहुतेक उजेडात. माझ्या मते कॅनडातल्या पश्चिम किनाऱ्यावर पैसे वसूल होणारा यापेक्षा चांगला दिवस नाही.

आम्ही दोन जोडपी, कॉलेजपासूनची ओळख. पिकअप मित्राचा, त्यामागे ओढायचा, झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर भाड्याचा. व्हँकुव्हरहून प्रिन्स जॉर्ज, तिथून हायवे 16 पकडून पश्चिमेला प्रिन्स रुपर्ट, मग बोटीने पोर्ट हार्डी आणि व्हँकुव्हर बेटावरून खाली नानायमो, असा गोल. रस्ता परत तोच करावा लागत नाही, हे या आखणीचं सुख.

आधी ट्रेलरचं सांगते, कारण कटकट सगळी तिथेच झाली. कंपनीचं नाव घेत नाही. ताब्यात देताना माणूस इतक्या घाईत होता, की "सगळं सोपं आहे हो" म्हणत त्याने किल्ली हातात ठेवली. पहिल्या पेट्रोल पंपावर मागच्या गाडीवाल्याने येऊन सांगितलं, तुमच्या ट्रेलरचा ब्रेकलाइट लागतच नाही. सात पिनांचा प्लग सैल होता आणि त्यातल्या पिना हिरव्या पडलेल्या. मित्राने खिशातल्या चाकूने खरवडून त्या साफ केल्या, तेव्हा कुठे दिवे लागले. ट्रेलर घ्याल तेव्हा एकाला मागे उभं करून ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि रिव्हर्सचा दिवा बघितल्याशिवाय सही करू नका. बॅटरीही म्हातारी निघाली, विजेचं कनेक्शन नसलेल्या कॅम्पग्राउंडवर पाण्याचा पंप रात्रीच कुंथायला लागायचा. आणि ट्रेलरच्या एकूण वजनातलं 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीला जोडतात त्या सांध्यावर, यायला हवं, हे त्यांनी सांगायला नको का? तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन असलं सगळं मागच्या कपाटात कोंबलं, तर उतारावर ट्रेलर झोके खातो. मित्राला हे ठाऊक होतं म्हणून बरं.

स्वयंपाकघर मात्र फर्स्ट क्लास. छोटंसं, पण तीन बर्नर आणि वर पंखा. फक्त एकच अडचण. फोडणी टाकली की धुराचा अलार्म बोंबलतो. मोहरी तडतडायच्या आत खिडकी उघडायची, पंखा लावायचा आणि एकाने टॉवेल घेऊन अलार्मखाली उभं राहायचं, ही आमची ठरलेली कवायत. टॉवेलवाली ड्यूटी माझ्या नवऱ्याकडे. बाहेर टेबलावर उष्टं-खरकटं ठेवायचं नाही, कूलरसुद्धा नाही. अस्वलांमुळे हा नियम इथे कडक आहे आणि कॅम्पग्राउंडवाले तो तपासतात.

प्रिन्स जॉर्जपर्यंतचा रस्ता लांबच लांब आहे, एवढंच. खरी मजा त्यापुढच्या सातशेवर किलोमीटरांत. स्मिदर्सच्या पुढे विट्सेटला बल्कली नदी एका चिंचोळ्या घळीत शिरते. हंगामात तिथले मूलनिवासी वेट्सुवेटेन लोक खडकावर उभे राहून लांब दांड्यांनी साल्मन धरतात. बघण्यासारखं आहे, पण ती त्यांची मासेमारीची जागा आहे, तेव्हा बघायचं ते जरा लांबूनच. किटवांगाला मूलनिवासींचे जुने कोरीव टोटेम खांब आहेत, गाडीतून उतरून अर्धा तास द्याच. टेरेस गावापासून रुपर्टपर्यंत एका अंगाला स्कीना नदी आणि मध्ये रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला सरळ कडा. रस्ता सुंदर आहे, पण ट्रेलर घेऊन थांबायच्या जागा मोजक्याच, तेव्हा फोटो काढायचं काम शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने करावं.

याच हायवेला 'हायवे ऑफ टिअर्स' म्हणतात. या रस्त्यावरून अनेक मूलनिवासी मुली आणि बायका नाहीशा झाल्या, मारल्या गेल्या. लिफ्ट मागू नका असं सांगणारे मोठे फलक दिसतात. ते वाचल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

प्रिन्स रुपर्टला पाऊस गृहीतच धरा. कोकणात तो कोसळतो आणि मोकळा होतो, इथे दिवसभर नुसता लागून राहतो. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं. जवळच पोर्ट एडवर्डला 1889ची नॉर्थ पॅसिफिक कॅनरी, म्हणजे मासे डबाबंद करायचा कारखाना आहे, आता संग्रहालय झालेला. लाकडी खांबांवर पाण्यात उभा. पावसात बघायला याहून चांगली जागा नाही.

आता बोट. भाडं लांबीवर, आणि लांबी म्हणजे पिकअपच्या नाकापासून ट्रेलरच्या मागच्या बंपरपर्यंत सगळी, मधल्या दांड्यासकट. तेव्हा ट्रेलर निवडताना पलंगाआधी लांबी बघा, दोन फूट कमी म्हणजे थेट पैसे कमी. आरक्षण आधीच करावं लागतं. चढण्याआधी गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करावे लागतात, म्हणजे गॅसवरचा फ्रिजही बंद. आम्ही आदल्या रात्री फ्रिजरमध्ये बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या, त्यामुळे दही टिकलं. बोट चालू असताना गाड्यांच्या डेकवर जाता येत नाही. औषधं, स्वेटर, दुर्बीण आणि पोळीभाजी आधीच पिशवीत घेऊन वर जा.

सकाळी निघालेली बोट रात्री उशिरा पोर्ट हार्डीला लागते, जवळजवळ सोळा तास. ग्रेनव्हिल चॅनेलमध्ये दोन्हीकडचे डोंगर इतके जवळ येतात, की काही ठिकाणी पाणी जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद उरतं. धबधबे झाडांतून निघून सरळ समुद्रात पडतात. ढग डोंगराच्या मधोमध अडकलेले, वर शिखर, खाली देवदार, मधला भाग गायब. मी रेलिंगला टेकून उभी होते. हात गार पडले तरी आत जावंसं वाटेना. मैत्रीण म्हणाली, "अगं चहा तरी घे." शेवटी तीच कप घेऊन बाहेर आली.

चॅनेलच्या पुढे गिल बेट लागतं. याच मार्गावरची 'क्वीन ऑफ द नॉर्थ' 22 मार्च 2006च्या रात्री या बेटावर आदळून बुडाली. बोटीवर 101 जण होते. दोघं कायमचे बेपत्ता झाले. बाकीच्यांच्या मदतीला हार्टली बे या छोट्या गावातले लोक मध्यरात्री आपल्या होड्या घेऊन धावले. मला हे आधी वाचून माहीत होतं, म्हणून त्या वळणावर मी मुद्दाम बाहेर थांबले.

त्यानंतर प्रिन्सेस रॉयल बेट, ब्यूटडेलची ओस पडलेली कॅनरी, आणि बोट ब्लफचं लाल छपरांचं दीपगृह. 'स्पिरिट बेअर' हे पांढरं अस्वल याच भागात असतं. आम्हाला ते दिसलं नाही, आणि बोटीतून दिसेल या आशेवर कोणी जाऊही नये. देवमाशांचे फवारे मात्र दिसले. घोषणा झाली की सगळे एकाच बाजूला पळतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या खुर्च्या मोकळ्या होतात, हे लक्षात ठेवा.

केबिन घ्यावी का? दिवसाच्या फेरीला गरज नाही. पण संध्याकाळी क्वीन शार्लट साउंडमध्ये बोट उघड्या समुद्रावर येते आणि हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी त्याआधी घ्यावी, नंतर उपयोग नाही. आमच्यापैकी एकजण केबिनशिवाय तगला नसता, म्हणून आम्ही चौघांत एक घेतली होती. बाकीच्यांना पुढच्या मोठ्या काचांजवळची खुर्ची पुरते.

पोर्ट हार्डीला उतराल तेव्हा अंधार असतो आणि मागे ट्रेलर. धक्क्याजवळचं कॅम्पग्राउंड आधीच ठरवा, शक्यतो सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मागा, म्हणजे झोपेच्या वेळी रिव्हर्सचा तमाशा होत नाही. तिथून नानायमोपर्यंत चारशेच्या आत किलोमीटर, रस्ता उत्तम.

बोटीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ट्रेलरवाल्यांना दोन, तेही त्या तीन बर्नरसाठी. परत करताना त्यांनी ट्रेलरमध्ये फोडणीचा वास येतो म्हणून सफाईचे जादा पैसे मागितले. मैत्रिणीने त्या हिरव्या पिनांचा फोटो त्यांच्यासमोर धरला, तेव्हा ती रक्कम बिलातून निघाली.