बॅटन वरून द्यायचा की खालून?

शाळांच्या तालुका स्पर्धा नेमक्या पावसात येतात. साताऱ्यातला पाऊस, मैदानात चिखल, पोरांचे तळवे ओले. अशात चार बाय शंभरची रिले टीम, म्हणजे चौघांनी शंभर-शंभर मीटर पळत बॅटनची नळी पुढच्याच्या हातात द्यायची, उभी करताना पहिला वाद हाच.

वरून देताना घेणाऱ्याचा हात मागे उंच, तळवा आभाळाकडे. दोघांचे हात ताणलेले, त्यामुळे मधलं मीटरभर अंतर कुणालाच पळावं लागत नाही. तीन बदलांत तीन मीटर फुकट! पण पळताना उंच धरलेला हात डगमगतो. मागचं पोरगं त्या हलत्या तळव्यावर टोला हाणतं, बॅटन मनगटावर आपटतो आणि चिखलात. मग ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा, तोवर बाकीचे पार पुढे.

खालून देताना हात कमरेपाशीच राहतो, धावण्याची लय मोडत नाही. फुकटचं अंतर कमी मिळतं. खोड वेगळीच: बॅटन जेमतेम 28 ते 30 सेंटीमीटरचा, चौथ्या गड्यापर्यंत धरायला टोकच उरत नाही. पहिल्याने अगदी खालचं टोक धरायचं आणि पुढे प्रत्येकाने मुठीला मूठ भिडवायची. शाळकरी मुठी लहान, म्हणून निभतं. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर रंगीत चिकटपट्टीचे चार पट्टे मारून आम्ही हे घोटवलं. आठ दिवस गेले.

बॅटन उभा धरून थेट तळव्यात ढकलायची तिसरी पद्धतही आहे. वर्षभर तेच चौघे टिकणार असतील तर मी तीच घेईन. शाळेत ते कुठलं!

खालून देणाऱ्या जपानने 2016 ला रिओत 37.60 सेकंदांत रौप्य नेलं, तेव्हा चौघांपैकी एकही शंभर मीटर दहाच्या आत पळालेला नव्हता. त्याच जपानचा 2021 च्या टोकियो फायनलला, घरच्या मैदानात, पहिलाच बदल फसला.

कारण खरा घोळ बहुतेकदा हातात नसतो, निघण्यात असतो. पॅरिसला 2024 मध्ये अमेरिकेचा दुसरा गडी लवकर सुटला आणि टीम बाद. आमचंही गेल्या वर्षी तेच. मागचा फक्कीच्या खुणेवर यायच्या आधीच पुढचं पोरगं उधळलं. बॅटन हातात झकास बसला, पण 30 मीटरचा झोन, म्हणजे बॅटन बदलायचा ठरलेला पट्टा, संपल्यावर. पाय कुठे होते हे पंच बघत नाहीत, बॅटन कुठे होता तेवढंच बघतात.

तीन आठवडे हातात आणि वर पाऊस, तर खालूनच द्या. त्यातले दोन आठवडे नुसत्या खुणेवर घालवा. आणि हाक आपली वेगळी ठेवा. शेजारच्या लेनमधूनही ‘हात!’ ऐकू येतं आणि पोरगं भलत्याच हाकेला हात मागे टाकतं. आमची आता ‘घे रं’ ओरडतात.