ज्येष्ठ नागरिक संघात ११ महिने: काय मिळालं, काय खटकलं

गेल्या वर्षी आषाढात मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद झाले. वार्षिक वर्गणी ३०० रुपये, दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स, एवढ्यावर काम झालं. परवा भाचीचा फोन आला. "मावशी, आईला घालू का तिच्याकडच्या संघात? खरंच उपयोग होतो का?" तिला सांगता सांगता अर्धा तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच. म्हणून नीट लिहून काढते आहे. तिच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

मी ६७ वर्षांची. ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत. आता आम्ही दोघं नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. संघात मी करमणुकीसाठी गेले नाही. त्याआधीच्या चैत्रात मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना ओल्या शहाबादी फरशीवरून पाय सटकला आणि मी पडले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. दूध आणायला हे जाऊ लागले, भाजी दारावर घेऊ लागले, गच्चीवर जाणं बंद झालं. तीन महिन्यांत अशी अवस्था झाली की सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांचा टेकू घ्यावा लागे. आमचे डॉक्टर म्हणाले, "बाई, पडाल म्हणून तुम्ही चालत नाही, आणि चालत नाही म्हणून पडाल." दुसऱ्याच आठवड्यात मी संघात गेले.

आमचा संघ सोमवार ते शनिवार सकाळी ६:३० ते ७:३० भरतो. गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता सभा असते, तिच्यात एखादं व्याख्यान, गाणी, त्या आठवड्यातले वाढदिवस. व्यायाम घेतात ते निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, त्यांना सगळे सरच म्हणतात. आधी सांधे मोकळे करायचे. मग भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, भिंतीवरच दंड काढायचे, पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करायचे. मग एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायचं. शेवटी ओंकार, प्राणायाम आणि दहा मिनिटं हास्य. हास्यक्लबाची सुरुवात डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत, अंधेरीच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन केली. आज गावोगाव ते पोचलंय. मला पहिला महिनाभर हात वर करून मोठ्याने हसायचा फार संकोच वाटला. मी नुसती उभी राहायचे. मग एक दिवस समोरच्या काकू हसता हसता इतक्या मनापासून हसल्या की मलाही आवरेना. तेव्हापासून ती दहा मिनिटं मी चुकवत नाही.

खरा डोळे उघडणारा दिवस भाद्रपदातला. एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि तिने प्रत्येकाची चाचणी घेतली. हातांची नसलेली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. ऐकताना पोरखेळ वाटतो. मी पाचव्या वेळी धापा टाकायला लागले, सातव्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या आणि आठव्या वेळी हात आपोआप खुर्चीवर गेले. "सात," मुलगी म्हणाली. ६५ ते ६९ वयाच्या बाईला अकरा जमायला हवेत, त्याहून कमी म्हणजे पायांत ताकद कमी. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मला १६ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात.

विशेष म्हणजे रोज कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाने फेऱ्या मारणारे दोन काकाही खुर्चीच्या चाचणीत माझ्याच रांगेत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, पण त्याबरोबर निदान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचाही सांगते. आपण पहिलं तेवढं ऐकतो. तेव्हापासून मी घरीही ओट्याला धरून टाचा उचलते, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. मागच्या महिन्यात तीच मुलगी पुन्हा आली. खुर्चीचे १२ झाले, चालण्याचे ११ सेकंद. सोफ्यावरून आता टेकू न घेता उठते. गच्चीवर जाते. उन्हाळ्यात पापड मी स्वतः वर नेऊन वाळवले.

जेवणातही एक बदल झाला. गुरुवारच्या सभेत आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. वयाप्रमाणे भूक कमी होते आणि आपण ताटातली नेमकी प्रथिनं कमी करतो, असं त्यांनी सांगितलं. माझं रात्रीचं जेवण म्हणजे दूध-पोळी, दुपारचं वरण पातळ. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे माझ्या ६० किलोला ५० ग्रॅम. आता रात्री मुगाचं धिरडं किंवा मटकीची उसळ असते, दुपारी वाटीभर दही. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

पण भाचीला मी सगळ्यात आधी सांगितलं ते व्यायामाचं नाही, वहीचं.

दाराशी लाकडी टेबलावर २०० पानी वही असते, सुतळीने पेन बांधलेलं. आलात की सही करायची. वही सांभाळणाऱ्या काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या. कुणाच्या नावापुढे सलग तीन दिवस जागा कोरी राहिली की त्या लाल पेनाने गोल करतात आणि फोन लावतात. नियम एवढाच. ३६ वर्षं मी पोरांची हजेरी घेतली, पण आपली हजेरी कुणी घेतं तेव्हा काय वाटतं ते मला ह्या वहीने शिकवलं.

माघात हे पुण्याला मुलाकडे गेले होते. मला सकाळी उठल्यावर गरगरायचं, म्हणून तीन दिवस गेले नाही. कुणाला सांगितलंही नाही, उगाच कशाला. चौथ्या दिवशी आठ वाजता काकूंचा फोन. मी म्हटलं, "थोडं डोकं जड आहे, बाकी काही नाही." त्या म्हणाल्या, "उभं राहिल्यावरच गरगरतं का? मग आजच्या आज दाखवायचं. मी रिक्षा घेऊन येते, साडी बदलून ठेवा." डॉक्टरांनी आधी झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला. वरचा आकडा २० पेक्षा जास्त खाली आला होता. रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण त्यांनी बदललं आणि उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसायला सांगितलं. त्या आठवड्यात मी न्हाणीघरात पडले असते तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं.

लहानसहान फायदे बरेच आहेत. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले संघातच मोबाइलवर चेहरा दाखवून झाले, बँकेत रांग लावावी लागली नाही. सत्तरीच्या पुढच्यांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढून दिली. वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं ते कार्ड आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. आणि सहल. पौषात वणीला सप्तशृंगीला गेलो, एसटीने. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढे तिकीटच नाही, त्यामुळे आमच्यातले थोरले काका ऐटीत पुढच्या बाकावर बसले. गडावरून देवळापर्यंत आता ट्रॉली आहे. मी डॉक्टरांना आधी विचारलं होतं. पायऱ्यांनी चढले, चार ठिकाणी बसत बसत, आणि ट्रॉलीने उतरले, कारण गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर आईच्या समोर उभी राहिले आणि डोळे भरून आले.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिल्या तीन महिन्यांत आरोग्यावरचं व्याख्यान म्हणून एक गृहस्थ आले आणि अर्ध्या तासाने चुंबकीय गादी विकायला लागले. एका कंपनीचे होते ते. पाठदुखी, मधुमेह, निद्रानाश, सगळ्यावर एकच गादी. आमच्यातल्या तिघांनी हजारो रुपये मोजले, त्यातल्या एका काकूंनी औषधांसाठी बाजूला ठेवलेले. मला फार राग आला. मी पुढच्या गुरुवारी उठून बोलले आणि सभेत कुठलीही विक्री होणार नाही असा ठराव करून घेतला. मोबाइलच्या गटावर येणाऱ्या घरगुती उपायांचंही तेच. एका काकांनी मेथीचं पाणी सुरू करून साखरेची गोळी परस्पर बंद केली आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आता गटावर औषधोपचार टाकायला बंदी आहे. तुम्ही संघ निवडत असाल तर ह्या दोन गोष्टी आधी विचारा.

स्वच्छतागृह जागेपासून लांब आहे, ह्यामुळे कितीतरी बायका अर्ध्यातून उठून जातात किंवा सकाळी पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात हे धोक्याचं आहे. कार्यकारिणीत यंदापर्यंत सगळे पुरुष होते म्हणून हा विषय कधी आलाच नाही. आता दोघी जणी आहोत आणि पहिल्याच बैठकीत तो मांडला. अजून सुटलेला नाही, पाठपुरावा चालू आहे. थंडीचंही सांगायला हवं. निफाडला नोकरी केली असल्याने मला नाशिकच्या थंडीचं कौतुक नाही, पण पहाटेच्या गारठ्यात हृदयाचा त्रास असलेल्यांनी बाहेर पडू नये. पौष-माघात आम्ही वेळ ७:३० ची करून घेतली.

प्रत्येकाला संघ मानवेलच असं नाही. आमचे हे आठ दिवस आले. त्यांना घोळक्यात, मोठ्या आवाजात काही करायला आवडत नाही. मी आग्रह सोडला. ते आता आठवड्यातून तीनदा सार्वजनिक वाचनालयात जातात, १८४० सालच्या त्या जुन्या 'सावाना'त, आणि तिथले चार वाचणारे हाच त्यांचा संघ झालाय. घरी येतात ते बोलायला काहीतरी घेऊन. भाचीलाही तेच सांगितलं, आईला विचार, घालू नकोस.

सगळ्यात जास्त मला जे लागलं ते वहीतच सापडलं. नवी वही सुरू करताना काकूंनी जुनी चाळायला दिली. त्यात १४ नावं अशी होती की ज्यांच्यापुढे एका दिवसानंतर नुसती कोरी जागा, आणि मग वर्गणी आली नाही म्हणून नावावर रेघ. कुणाचे गुडघे गेले, कुणाला अर्धांगाचा झटका आला, कुणाची नजर अधू झाली. जो चालत येऊ शकतो त्याचाच संघ, असं होत होतं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्यावर आपण रेघ मारत होतो. मी बैठकीत हे बोलले तेव्हा कुणी वाद घातला नाही. सर म्हणाले, "यादी करा, पाळ्या लावू."

आता दर मंगळवारी त्या यादीतल्या सगळ्यांना फोन जातात आणि बुधवारी दोन घरी आम्ही जातो. खुर्चीत बसून करायचे व्यायाम सरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेत. माझ्या पाळीत ८४ वर्षांच्या एक आजी आहेत. पोस्टातल्या काकूंच्या आधी वही त्याच सांभाळायच्या. गेल्या बुधवारी काकूंनी पिशवीतून नवी वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. आजींनी चष्मा लावला, बोटाने आपलं नाव शोधलं आणि त्यासमोर थरथरत्या हाताने सही केली. मग पेन माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "बाई, वेळही लिहा. माझ्या वेळी आम्ही वेळ लिहायचो." मी लिहिली, ४:२०.