रोज तीच मांडवी, की रोज नवा कोपरा?

बडोद्यात स्केचबुक घेऊन फिरणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक रोज नवी जागा धरतो. आज सुरसागर, उद्या न्यायमंदिर, परवा कमाटीबाग. दुसरा रोज मांडवीसमोरच, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या कमानींच्या चौकोनी मंडपासमोरच ठाण मांडतो.

नव्या जागेत कंटाळा येत नाही, हात सैल होतो, वही भराभर भरते. नवशिक्याला हेच बरं. पण डोळा ओळखीचंच टिपत राहतो: घुमट, झाड, पाणी, संपलं.

मांडवीचं तसं नाही. सुरुवातीला नुसत्या कमानी दिसतात. मग कंटाळा येतो, आणि खरं काम तिथून सुरू होतं. सकाळी कमानीच्या पोटातली सावली गडद असते; दुपारी जमिनीवरून परतलेल्या उजेडानं तीच आतून उजळते. मग कमान सोडून मधली पोकळीच काढावीशी वाटते. (मागून रिक्षावाले हॉर्न वाजवतात, त्याला इलाज नाही.)

इथल्या ललित कला विद्याशाखेत १९५० मध्ये शिकवायला आलेल्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनी भरपूर भटकून निसर्गचित्रं केली, म्हणजे पहिल्या पंथालाही वजन आहेच. हाताशी पंधराच मिनिटं असतील तर मात्र मी मांडवीच सांगेन. जागा शोधण्यात वेळ जात नाही.