घोटा मुरगळलाय, मग कुठली टेस्ट आज आणि कुठली चार दिवसांनी?

ट्रेक उतरताना पाय वळला, घोटा टम्म सुजला, की पहिला प्रश्न येतो एक्सरे काढायचा का नाही. त्यासाठी मला ओटावा रूल्सच सगळ्यात भारी वाटतात, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले. घोट्याची दोन्ही बाजूची हाडं, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, मागच्या कडेने दाबून बघायची, मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर, म्हणजे पावलाच्या मधलं एक छोटं हाड. यातलं कुठलंही हाड दाबल्यावर दुखलं, किंवा पाय वळल्यावर लगेच आणि आत्ता तपासतानाही ४ पावलं टाकता येत नसतील, तर एक्सरे काढा. लंगडत टाकली तरी ती पावलंच धरतात बरं का. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर निघायचे चान्सेस फारच कमी, पण दुखलं म्हणजे हाड मोडलंच असंही नाही, बऱ्याच जणांचा एक्सरे नॉर्मल येतो. डायबेटिसने पाय बधिर असतील तर मात्र या रूल्सवर विसंबू नका, तिथे दुखणं कळतच नाही.

अँटिरियर ड्रॉवर टेस्टचं काम वेगळं, ती लिगामेंटसाठी, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांसाठी. एका हाताने नडगी धरून दुसऱ्याने टाच पुढे ओढायची आणि चांगल्या पायाशी कंपेअर करायचं. पहिल्या दिवशी ही करायची घाई नको, सूज असते, पेशंट पाय आवळून धरतो आणि काहीच नीट कळत नाही, ४-५ दिवसांनी केली की खरं चित्र दिसतं. टॅलर टिल्ट, म्हणजे टाच आत तिरकी करून लिगामेंट सैल आहे का बघायची टेस्ट, फक्त तिच्यावर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

दुखणं घोट्याच्या वरच्या बाजूला असेल तर स्क्वीझ टेस्ट, पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबायची. कळ खाली घोट्याजवळ आली तर हाय अँकल स्प्रेनचा, म्हणजे घोट्याच्या वर नडगीची दोन हाडं जोडणारी लिगामेंट्स दुखावल्याचा संशय घ्या, नाही आली तरी सुटलो असं समजू नका, पाऊल बाहेर फिरवूनही बघा.

आणि बॅडमिंटन खेळताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल तर आधी थॉम्पसन टेस्ट. पालथं झोपवून, पावलं कॉटबाहेर ठेवून पोटरी दाबा, पाऊल खाली हललं नाही तर अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, तुटलेला असू शकतो. अशी माणसं चालत येतात हो, पाऊल खाली करूनही दाखवतात कारण बाकीचे स्नायू काम करत असतात, म्हणून साधी लचक समजून घरी बसू नका, त्याच दिवशी ऑर्थोला दाखवा.