पाचारण ओळखण्याचे तीन दिवस: सासष्टीतील एका मौन रिट्रीटविषयी

पावसाळा सरता सरता गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातील एका रिट्रीट हाऊसमध्ये मी तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेसाठीच्या एकांतवासाला, जाऊन आलो. विषय होता, देवाचे पाचारण, म्हणजे त्याची हाक, ओळखावी कशी आणि त्याला उत्तर द्यावे कसे. राहणे, जेवण आणि रोजची वैयक्तिक भेट धरून २,४०० रुपये घेतले, आणि त्या मानाने मिळाले ते पुष्कळच होते. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथे राबणारी माणसे मोजकी आहेत.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला, मराठी प्रॉटेस्टंट घरातला. सोळा वर्षांपासून नोकरीनिमित्त वास्कोत आहे. वर्षभरापूर्वी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंचकमिटीने मला विचारले की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत याल का, आणि तेव्हापासून “प्रार्थना करतो आहे” असे सांगून मी वेळ मारून नेत होतो. कॅथलिक रिट्रीटचे ऑफिसातल्या एका सासष्टीकर सहकाऱ्याने सुचवले. पत्नी म्हणाली, “तीन दिवस न बोलता राहिलात तर घरालाही तेवढाच आराम.”

खोल्या साध्या, स्वच्छ. मच्छरदाणीला मात्र भोके होती. सकाळी अकराच्या सुमारास पेज, लोणचे आणि सुक्या बांगड्याचा तुकडा मिळे, त्याबद्दल कोणाचीही तक्रार असू नये. मोबाइल पहिल्या संध्याकाळी जमा करून घेतात, तो शेवटच्या दिवशी जेवणानंतरच हातात येतो. पहिली रात्र मला जड गेली. मौनात देव बोलेल अशा अपेक्षेने बसलो होतो आणि ऐकू येत होते ते फक्त माझेच हिशेब: घराचे कर्ज, मुलीची बारावी, पंचकमिटीतल्या कोणी काय म्हटले होते ते.

या रिट्रीटचे खरे मोल मार्गदर्शकांत आहे. ते निवृत्त फादर, सत्तरी ओलांडलेले, कोकणीच्या वळणाने पण अचूक मराठी बोलणारे. रोज अर्धा तास भेटत. त्यांनी मला प्रवचन दिले नाही. पहिल्या दिवशी एवढेच विचारले की पंचकमिटीने बोलावले त्या रात्री तुम्हाला कसे वाटले, आणि आठवड्याने कसे वाटले. मी प्रामाणिकपणे सांगितले की त्या रात्री छाती फुगली होती, आठवड्याने कोरडे वाटू लागले. तेव्हा त्यांनी जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाच्या इग्नेशियसची गोष्ट सांगितली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणावर पडलेल्या या सरदाराला पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण ती ओसरली की मन रिते होई. संतांची चरित्रे वाचून तसे जगण्याचा विचार केला की मात्र आनंद नंतरही टिकून राही. दोन्ही विचार गोडच होते, फरक मागे काय उरते यात होता. हे लक्षात येण्यावर पुढे त्याची सगळी साधना उभी राहिली, असे फादर म्हणाले. मन कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा नियमही तिथलाच.

दुसऱ्या सकाळी सहाच्या आधीच फाटकाबाहेर भोंपू वाजला. तो पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, आहे हे मला कळले. तासाभराने पुन्हा भोंपू वाजला, तेव्हा उंडे (गोव्यातले पाव) कमी पडले असतील म्हणून मी मदतीला टोपली घेऊन फाटकाशी गेलो, तर तो मासळीवाला. स्वयंपाकघरातल्या बाईंनी मौन न मोडता, बोटे पाण्यात पोहल्यासारखी हलवून मला हसत परत पाठवले. भेटीत हे सांगितले तर फादरांनी लगेच बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट काढली. त्या मुलाला हाक स्पष्ट ऐकू येत होती, तरी तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडेच धावला. हाक देवाची आहे ते एलीने ओळखले, आणि एलीची तर दृष्टी मंदावलेली होती. आपले पाचारण आपल्याला एकट्याला कळते हा माझा समज तिथे ढिला झाला.

त्यानंतरचा अभ्यासही इग्नेशियसचाच: आपल्यासारख्याच पेचात असलेल्या, पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाला आपण काय सल्ला देऊ, ते लिहायचे. मी लिहायला बसलो आणि पहिलेच वाक्य आले, “तुमच्या पत्नीला विचारलेत का?” मी विचारले नव्हते.

आता तक्रारी. दुसऱ्या संध्याकाळी एका पाहुण्या वक्त्याने पडद्यावर सेमिनरी आणि कॉन्व्हेंटची छायाचित्रे दाखवली आणि शेवटी माहितीचे फॉर्म वाटले. आम्ही एकोणीस जण होतो, त्यांतले अकरा विवाहित. पाचारण म्हणजे धर्मगुरूचा झगाच असे गृहीत धरून केलेले ते भाषण दिवसभर कमावलेली शांतता घालवून गेले. चांभाराचे आणि घरधनिणीचे कामही पाचारणच आहे हे ल्यूथरने शिकवले, असे आम्ही प्रॉटेस्टंट लोक अभिमानाने सांगतो. पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे, आणि निदान तेवढे तरी वक्त्याला सांगता आले असते.

दुसरी तक्रार भाषेची. सगळी टिपणे इंग्रजीत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत होती, मराठीत एक ओळही नव्हती. ज्या सासष्टीतल्या रायतूरला १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले, तिथे मराठी ख्रिस्ती माणसाला टिपणे शेजाऱ्याकडून समजून घ्यावी लागावीत, तीही मौनात, हे काही बरोबर नाही.

शेवटच्या सकाळचे सत्र संत जोसेफ वाझ यांच्यावर होते आणि ते उत्तम झाले. त्यांच्या सांकवाळ गावावरून रोज जाणाऱ्या मला त्यांचे नाव परिचयाचे, पण एवढेच माहीत होते की २०१५ मध्ये ते संत घोषित झाले. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॅथलिक पुरोहितच उरले नाहीत हे कळल्यावर १६८१ मध्ये त्यांनी तिकडे जाण्याची तयारी दाखवली होती, पण वरिष्ठांनी त्यांना कानडा प्रांतात धाडले. त्यांनी ते काम निष्ठेने केले आणि १६८७ मध्ये, तिथल्या डच सत्तेच्या नजरेतून सुटण्यासाठी मजुराच्या वेशात, सिलोन गाठले. हाक खरी असूनही सहा वर्षे थांबावे लागते, हे ऐकून मला हायसे वाटले. त्यात थोडा आळशीपणाचा सुस्काराही असावा.

ज्यांना तीन दिवसांत ठाम उत्तर घेऊन परतायचे आहे त्यांनी इथे जाऊ नये. इतरांनी जरूर जावे, पूर्वेकडची खोली मागावी आणि मच्छरदाणी घरून न्यावी. मी पंचकमिटीकडून जानेवारीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. फादरांनी रोज रात्री दहा मिनिटे दिवस आठवून वहीत लिहायला सांगितले आहे, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात ती वही घेऊन पुन्हा यायला. आतापर्यंत ४१ रात्री झाल्या. त्यांतली नऊ पाने कोरी आहेत, आणि कोऱ्या पानांबद्दलही विचारणार, असे त्यांनी निघतानाच बजावून ठेवले आहे.